चौथ्या तुकड्यातलं ठिगळ

आणि ट्रेव्हरने तो पेनड्राइव्ह माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला, लोणच्याची फोड वाढावी तसा, आणि समोरची खुर्ची ओढून बसला. काशीगावच्या या शेडमध्ये तीन मालिकांचं शूटिंग चालतं. ट्रेव्हर त्यातल्या एकीवर माइकचा बांबू धरून उभा असतो, मी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत तिन्हींचे संवाद साफ करते. तो उत्तनचा. माझाही मित्र, प्रितमचाही. प्रितम माझा नवरा, म्हणजे कागदावर अजून आहे. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही.

"प्रितमचा अल्बम हाय," ट्रेव्हर म्हणाला. "पोलंडमध्ये कोण तरी दोघे जण हायत, ते कॅसेट काढणार."

"कॅसेट?"

"आता तीच फॅशन हाय म्हणे. पन्नासेक काढतील. घेणारे पण तेवढेच असतील जगात."

"मग काढू दे की."

"तुझी परवानगी पायजे. तू हायस त्यात."

"मी कशी असेन? मी गाते का?"

"नाव ऐक ना. अबोला." त्याने माझ्या डब्यातली भेंडी उचलून तोंडात टाकली, म्हणजे पुढचं बोलायला थोडा वेळ मिळावा. "तुम्ही बोलत नव्हता ना, राई गावातल्या फ्लॅटवर, शेवटी शेवटी? तेव्हा त्याने घर रेकॉर्ड केलेलं. नुसतं घर. त्याचाच अल्बम केलाय. शुक्रवारपर्यंत तू फोन करून नको म्हणालीस, तर नाय काढणार. गप्प बसलीस तर तो समजणार, चालतंय."

"तूच सांग. नको म्हणून."

"तेच बोलला तो. ट्रेव्हरच्या तोंडून नको, तिच्या तोंडून पायजे." मग तो खरोखर वैतागला. "आणि मला पण बस झालं, राजी. तुझ्या पेट्या मी आणल्या, त्याचं मिक्सरचं भांडं मी नेऊन दिलं. माझ्या आईला वाटतं माझंच कुठे तरी लफडं चालू हाय."

तो गेला. मी जेवले नाही. हुशार आहे प्रितम, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण इतकं घट्ट विणलेलं जाळं त्याने पूर्वी कधी टाकलं नव्हतं. गप्प बसले तर माझं गप्प बसणं पोलंडला जाणार. ते जाऊ नये म्हणून तोंड उघडलं तर दोन वर्षं घट्ट धरून ठेवलेलं माझ्याच हातून सुटणार, तेही त्याच्या कानात, त्याने ठरवलेल्या मुदतीत. आणि त्याच्याही आधी एक भीती होती. त्या दिवसांत त्या घरात मी काय काय केलं होतं? बाथरूमचा नळ सोडून रडले होते. आईशी फोनवर हळू आवाजात प्रितमबद्दल बोलले होते, जे तिच्याशिवाय कुणी ऐकू नये असं. माइक कुठे होता? किती दिवस होता? मी खोलीत आले, दार लावून घेतलं, मालिकेतली सासू अर्ध्या हुंदक्यावर थांबवली आणि कानाला हेडफोन लावले. संगीत ऐकायला माणूस मागे टेकून बसतो. मी पुढे वाकून बसले, उवा काढायला बसतात तशी.

पहिला तुकडा. बराच वेळ काहीच नाही असं वाटतं. मग कळतं की काहीच नाही असं नाही, एक जाड, खालचा, न हलणारा गुंजारव आहे आणि तो आधीपासून आहे. तो मी ओळखला. विजेचा. आपल्याकडची सगळी वीज एकाच सुरात गुणगुणते, ट्यूबलाइट असो की लिफ्ट, आणि माझं अर्धं आयुष्य तो सूर संवादांतून खरवडण्यात गेलं. प्रितमने तो खरवडला नव्हता, चार-सहा पदरी करून वाढवला होता, इतका की दातांत लागायला लागला. त्याच्या आत फ्रिज. आमचा फ्रिज, माझ्या आईने दिलेला, चालू होताना आधी खाकरायचा आणि वर ठेवलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण थरथरायचं. इथे ते झाकण एखाद्या कारखान्याच्या पत्र्याएवढं मोठं झालेलं. मला त्या डब्यात काय होतं तेही आठवलं, साबुदाणा, आणि राग आला. माझा साबुदाणा. त्याच्या पोलंडवाल्यांना तो काय ऐकू येणार? त्यांना धातू ऐकू येईल, एकटेपण ऐकू येईल, पूर्वेकडचं काही तरी गूढ ऐकू येईल. राईच्या खाडीकडून येणारा वारा बाल्कनीच्या कबुतरांच्या जाळीतून शिरताना करतो तो लांब उसासा त्यांना प्रार्थना वाटेल. ती जाळी मी बसवून घेतली होती. माणूस वेळेवर येत नव्हता म्हणून रजा टाकून घरी

(थांबव.)

सवयीने हात गेला. मी पहिल्या तुकड्याचा एक चिमूट आवाज उचलला, प्रोग्रामला सांगितलं की हा कचरा आहे, याच्यासारखं जे जे दिसेल ते काढून टाक. रोज करते. जनरेटर, एसी, हायवेवरचे ट्रक. प्रोग्रामने विचार केला आणि अख्खा तुकडा पुसला. उरलं ते पाण्याखाली कुणी तरी चूळ भरत असावं तसं बुडबुड. चौदा महिन्यांच्या संसारातलं उरलेलं बुडबुड. मी थोडं हसले. मग ते रद्द करून मूळ आणलं, कारण पुसून माझं भागणार नव्हतं. मला स्वतःला शोधायचं होतं.

दुसऱ्या तुकड्यात सोसायटीचा पंप, भिंतीतून वर चढणारं पाणी, पाइपाचं कण्हणं, आणि ते कण्हणं इतकं सावकाश केलेलं की एका श्वासाला चहा उकळून खाली बसावा. मी नळ शोधत होते. बाथरूमचा नळ, त्याच्यामागे मी. पंप आला, गेला, वरच्या मजल्यावर कुणी तरी पाट सरकवला, त्याचा ढग होऊन तो खोलीभर पसरला. नळ आला नाही. अबोला मी माहेरून आणला होता, हुंड्यासारखा. आमच्याकडे आई-बाबांचा अबोला महिना-महिना चालायचा आणि त्याचे नियम होते. हवेत बोललेलं धरायचं नाही. आई पातेल्याकडे बघून म्हणायची, कुणाला जेवायचं असेल तर झाकून ठेवलंय. बाबा, कोंडिराम नावाचा तो भला माणूस, कॅलेंडरला सांगायचा, आज कुणाची तरी मावशी परभणीहून येतेय. मी आणि भाऊ मधे बसून जेवायचो, आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे. ज्याने आधी नावाने हाक मारली तो हरला. बहुतेक वेळा बाबा हरायचे. वैजयंता, असं म्हणायचे, एवढंच, आणि आई लगेच, इतक्या लगेच की जणू महिनाभर ती ओठांवर ते उत्तर घेऊनच बसलेली, हं, म्हणायची. त्या हं-साठी सगळं चाललेलं असायचं हे मला फार उशिरा कळलं. प्रितमच्या घरी असलं काही नव्हतं. ते भांडायचे, ओरडायचे आणि जेवायला बसायचे. मी पहिल्यांदा अबोला धरला तेव्हा त्याला वाटलं माझा घसा बसलाय.

तिसऱ्या तुकड्याने मला मारलं. दुसरा शब्द नाही. काहीही इशारा न देता एकदम, दोन्ही कानांत, चाकावर घासलं जाणारं पोलाद. प्रितम भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात सुपरवायझर होता, पॉलिशवर. दिवसभर तो तो आवाज ऐकायचा आणि संध्याकाळी फोनवर टिपून आणलेला पुन्हा ऐकायचा. मला कौतुक होतं त्याचं. सुरुवातीला होतं. पलंगावर लॅपटॉप मांडून मीच त्याला शिकवलं, आवाज कसा कापायचा, कसा जोडायचा. आता तोच आवाज माझ्या घराच्या अंगावर सोडलेला, फ्रिजवर, पंपावर, खाडीच्या वाऱ्यावर, सगळं एकदम भरडत. मी हेडफोन काढले नाहीत. काढले असते तर त्याने जिंकल्यासारखं झालं असतं. डोळ्यांतून पाणी आलं ते कानाच्या दुखण्याचं होतं. या गोंगाटात त्याने मला कुठे तरी पुरलं असेल असं वाटून मी त्याचे थर एकेक करून बघत होते, वरचे दाबून, खालचे दाबून, आणि तेवढ्यात दार उघडून मिनलने डोकं आत घातलं. मिनल शेजारच्या खोलीत चित्र कापते, मी आवाज.

"अगं, हा जनरेटर कुठल्या सीनचा? हेडफोनमधून दारापर्यंत ऐकू येतोय."

"जनरेटर नाही. माझा नवरा आहे."

तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं. "मग कमी कर ना थोडा," ती म्हणाली आणि गेली.

कमी केला नाही. अबोला सुरू झाला तो भावाच्या नव्या घरी, नवघरला. बुद्धवंदना झाली होती, खीर वाटून झाली होती, पाहुणे सतरंजीवर ऐसपैस बसले होते. कुणा तरी काकांनी विचारलं, राजश्री नेमकं काय करते? मी सांगणार इतक्यात प्रितम म्हणाला, आमच्याकडे वारसा आहे काका, सासूबाईंनी मीरा रोडला लोकांची धुणीभांडी केली, बायको आवाजांची धुणीभांडी करते. सगळे हसले. विनोद चांगला होता, ते मी आजही मान्य करते, त्यात लय होती. मी आईकडे पाहिलं. ती पण हसत होती, पदर तोंडाला लावून, आणि दुसरा हात तिने मांडीखाली घेतला होता. साबणाने कायमची पांढुरकी पडलेली बोटं होती त्या हाताची. तिथून घरी येताना मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तो आधी चिडला, मग त्याने गंमत केली, माझ्या नकला केल्या, मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. तो ऐकायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले की मान तिरकी करायचा. मला वाटलं, माफीचे शब्द जुळवतोय. तो माइक मागवत होता.

चौथा तुकडा शांत आहे. तिसऱ्यानंतर तो इतका शांत की कान स्वतःच्याच रक्ताचा आवाज त्यात मिसळतो. त्याने काही वाढवलेलं नाही, जाड केलेलं नाही, उलटं-सुलटं केलेलं नाही. नुसती बैठकीची खोली, संध्याकाळची. फ्रिज आतल्या बाजूला. वारा पडलेला. बाल्कनीत कबुतराची नखं. खालच्या रस्त्यावर कधी तरी एखादी गाडी. मी अजून कुठेच नव्हते. रडणं नाही, आईचा फोन नाही, बांगडी नाही, चप्पल नाही, खोकला नाही. आणि मी काही मांजर नव्हते. अबोल्यात बाई जास्तच आवाज करते, भांडी आपटते, कपाटाची दारं लावते, पातेल्याला ऐकवते. ते सगळं त्याने काढलं होतं. एकेक बांगडी वेचून काढली होती, मी शिकवलं तशी. माझ्या घराची त्याने माझ्यापासून साफसफाई केली होती. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, चोरी झाल्यासारखं वाटलं, आणि त्या रागातच ऐकत असताना मध्याच्या जरा पुढे

(थांबव. मागे. पुन्हा.)

फ्रिजची टक्. झाकणाची थरथर. लांब एक स्कूटर, गिअर बदलताना गचका खाणारी. मग कबुतर. मग फ्रिजची टक्. झाकणाची थरथर. स्कूटर, गिअर बदलताना गचका खाणारी.

स्कूटर तशीच्या तशी दोनदा जात नाही. ते ठिगळ होतं. आमच्या धंद्यात रोज लावावं लागतं. सीन झाला की सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ घेऊन ठेवतात, कारण संवादातून खोकला किंवा हॉर्न कापला की तिथे भोक पडतं, आणि नुसतं भोक कानाला खड्ड्यासारखं लागतं. मग त्या खोलीचाच एक तुकडा घेऊन तिथे शिवायचा. ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ठिगळासाठी असा तुकडा घ्यायचा ज्यात काही घडत नाही, हे मी प्रितमला पलंगावर बसून बजावलं होतं. त्याने घाईत शेजारचाच तुकडा उचलला, स्कूटरसकट. घाईत, किंवा डोळे मिटून. किंवा हलगर्जीपणे. मला काय. त्या ठिगळाखाली काही तरी होतं. फार लांब नाही. एक वाक्य मावेल एवढं.

मी ते वाक्य ओळखलं, कारण ती संध्याकाळ मी ओळखली. वारा पडलेला. तो सोफ्यावर, गुडघे जवळ घेऊन, काळे मोठे हेडफोन लावून, समोर भिंत. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले होते. खूप वेळ. मग मी म्हणाले, प्रितम, चहा ठेवू का? नावाने. हवेत नाही, पातेल्याला नाही. मी हरले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट हलकं वाटत होतं, बाबांना दर वेळी असंच वाटत असेल असंही वाटून गेलं. तो हलला नाही. हं म्हणाला नाही. मी आत जाऊन दार लावलं आणि सकाळी आईकडे नवघरला आले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले. हेडफोन होते. गाणी ऐकत असेल, ऐकू गेलं नसेल. कधी कधी रागाचा जोर कमी झाला की मी मनात त्या हेडफोनवर हात टेकून उभी राहायचे. त्याला ऐकू गेलं नसेल. आणि आता हा चौथा तुकडा सांगत होता की तो गाणी ऐकत नव्हता. तो रेकॉर्ड करत होता. माइक चालू असताना हेडफोनमध्ये येते ती खोली. दारातल्या माणसाचा श्वास मांडीवर बसल्यासारखा येतो. प्रितमने माझं ते वाक्य जितकं जवळून ऐकलं तितकं जवळून मला कुणीच कधी ऐकलेलं नाही.

पाचवा तुकडा मी लावला नाही. फोन लावला. दुपार होती, शेडमध्ये लाइट बदलत होते, कुणी तरी शिडी ओढत होतं.

"हॅलो," तो म्हणाला. मग, "राजी?"

"चौथा तुकडा," मी म्हणाले. "मध्याच्या पुढे ठिगळ आहे."

"कुठे?"

"स्कूटर दोनदा जाते."

"तुला सापडेल असं वाटलंच होतं," तो म्हणाला. आवाजात भीती होती आणि, मी चुकत नसेन तर, थोडं कौतुक. त्याचा मला संताप आला.

"तू ऐकलंस तेव्हा."

"राजी, हे बघ—"

"माइक चालू होता. ऐकलंस."

"ऐकलं."

"मग?"

"टेक चालू होता," प्रितम म्हणाला.

त्याला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तो समजावायला लागला. "पहिल्यांदा जमून आलं होतं. इतके दिवस प्रयत्न करत होतो, मधेच काही तरी व्हायचं. त्या दिवशी काहीच होत नव्हतं. म्हटलं, टेक संपला की बोलू. संपेपर्यंत तू दार लावून घेतलंस. सकाळी बघतो तर नाहीस. मग मला वाटलं, आता काय बोलणार. काय सांगणार, की का बोललो नाही?"

"मूळ दे मला."

"नाही राहिलं."

"म्हणजे?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं. मला ऐकवत नव्हतं ते. तू कशी म्हणाली होतीस ते तुला माहीत नाही."

मला माहीत होतं. पण आता ते माझ्या माहितीपुरतंच उरलं होतं. नको म्हटलं तर अल्बम निघणार नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये कुठे तरी पडून राहणार होता, आणि मी हाक मारली होती याचा जगातला एकमेव पुरावा, दोनदा जाणारी ती स्कूटर, तीही पडून राहणार होती. हो म्हटलं तर पन्नास अनोळखी माणसं माझ्या हाकेवर टाकलेली चादर कौतुकाने ऐकणार होती आणि तिला माझा अबोला म्हणणार होती.

"काढ," मी म्हणाले.

"नक्की?" त्याचा आवाज एकदम उजळला. "मला वाटलं नव्हतं तू—"

"कव्हरवर एक ओळ छापायची. कागद घे."

"आभार वगैरे मी लिहिणारच होतो, तुझं नाव—"

"कागद घे, प्रितम. लिही. चौथ्या तुकड्यात, मध्याच्या पुढे, राजश्री म्हणते, प्रितम, चहा ठेवू का."

पेन चालल्याचा आवाज आला आणि थांबला. "पण ते त्यात नाहीये."

"मला माहीत आहे."

"लोक शोधत बसतील. अगं, नाव अबोला, आणि कव्हरवर हे? अख्खा अल्बम खोटा पडेल."

"ओळ नसेल तर परवानगी नाही. तुझं तू ठरव."

मी घाई केली नाही. मिनल पुन्हा दारात येऊन उभी राहिली, माझा चेहरा बघून परत गेली. बऱ्याच वेळाने पेन पुन्हा चाललं.

"लिहिलं," तो म्हणाला.

"वाच."

त्याने वाचलं, भराभर, बिल वाचतात तसं.

"मागे पंखा आहे. बंद कर."

खुर्ची सरकली. पंख्याची घरघर ढिली होत थांबली. त्याच्या खोलीत आता फक्त तो होता.

"आता वाच."

"चौथ्या तुकड्यात, मध्याच्या पुढे," त्याने सुरू केलं, आणि आवाज वाकडा व्हायला लागला तसा तो सावकाश झाला, "राजश्री म्हणते, ...तम, चहा ठेवू का."

"नाव गिळलंस," मी म्हणाले. "पुन्हा."